मशीन थांबले ते कशामुळे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कर्मचाऱ्यांचे काम अधिक फलदायी आणि अधिक मनापासून कसे व्हावे, या विषयावर सांगली जिल्ह्यातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझा पंपांचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे. दोन पाळ्यांत मिळून चाळीसच्या आसपास कामगार आहेत. नवीन सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारी) मशीन घेतली, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढलेले नाही. कॅमेरे बसविले, मोबाईल गेटवर जमा करून घेतले, ज्यांचे काम पाळीप्रमुखाला चांगले वाटते त्यांना बोनसही दिला. तरी माणसे मनापासून काम करत नाहीत. आता एखाद्या नामांकित वक्त्याचे प्रेरणादायी व्याख्यान ठेवण्याचा विचार आहे. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : व्याख्यानाचा खर्च तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवीन. दोन तासांचे भाषण ऐकलेला कामगार दुसऱ्या दिवशी त्याच मशीनसमोर उभा राहतो, आणि इन्सर्ट (धातू कापण्याचे बदलते पाते) संपलेले असेल, गेज (माप तपासण्याचे साधन) दुसऱ्या पाळीच्या कपाटात कुलूपबंद असेल किंवा पहिला जॉब (तयार झालेला नग) तपासून मंजूर करणारा माणूस जागेवर नसेल, तर त्याचा उत्साह पहिल्या तासातच ओसरतो. आपल्या पत्रात कामगारांविषयी पुष्कळ मजकूर आहे. मशीन दिवसाकाठी किती वेळ आणि कोणत्या कारणाने बंद असते, याविषयी मात्र एकही वाक्य नाही. सुरुवात तेथून करावी.

प्रत्येक मशीनपाशी एक साधी वही ठेवावी आणि मशीन कधी थांबले, कधी सुरू झाले व का थांबले, हे ऑपरेटरने स्वतःच्या शब्दांत लिहावे. दोन-तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट होईल. मी पाहिलेल्या बहुतेक लहान कारखान्यांत या नोंदींपैकी मोठा भाग ऑपरेटरच्या हातात नसलेल्या गोष्टींचा असतो : क्रेनची वाट, कास्टिंगची (ओतीव भागांची) वाट, ड्रॉइंगमधील दुरुस्तीची वाट, आणि कित्येकदा मालकांच्या सहीची वाट. हे म्हणणे केवळ माझ्या अनुभवावर आधारलेले नाही. तारापूर आणि उंबरगाव परिसरातील कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना सल्लागारांच्या मदतीने मशीनच्या थांबण्याची, कापडातील दोषांची आणि साठ्याची रोजच्या रोज नोंद ठेवण्यास, त्या नोंदींवर रोज चर्चा करण्यास आणि देखभालीचे वेळापत्रक पाळण्यास लावले. पहिल्याच वर्षात त्यांची उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. त्या कारखानदारांपैकी अनेकांची आधीची समजूत, आपल्याकडे सारे ठीकच चालले आहे, अशी होती.

या वहीच्या बाबतीत एक धोका आहे. त्यातील नोंद वाचून पहिल्याच आठवड्यात कोणाला जाब विचारला, तर दुसऱ्या आठवड्यापासून वहीत सर्व मशीन अखंड चालू असल्याचे दिसू लागेल. एमी एडमंडसन या संशोधिकेला अमेरिकेतील रुग्णालयांचा अभ्यास करताना प्रथम चक्रावून टाकणारी गोष्ट आढळली होती, ती अशी की ज्या विभागांत प्रमुख आणि परिचारिका यांचे संबंध चांगले होते, त्याच विभागांत औषध देण्यातील चुकांची संख्या जास्त नोंदली गेली होती. पुढे उलगडा झाला तो हा, की तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती, म्हणून चुका उजेडात येत होत्या. आपल्या कारखान्यात रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेला, जॉब ऑपरेटर स्वतःहून टेबलावर आणून ठेवतो की चिपच्या (कापलेल्या धातूच्या कचऱ्याच्या) ढिगाखाली सरकवतो, याचे उत्तर आपण एकदा प्रामाणिकपणे शोधावे. कॅमेऱ्यांनी हे उत्तर मिळत नाही. कॅमेरा चोरीसाठी ठेवावा. माणसे किती वेळ बोलत उभी होती हे मोजण्यासाठी तो वापरला, की माणसे उभी राहून काम करीत असल्याचा देखावा करण्यात तरबेज होतात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने 1939 साली, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, कैद्यांना भिंतीवाचून शेतीच्या कामावर ठेवण्याचा प्रयोग केला होता. शिक्षा झालेल्या माणसांवर जेवढा विश्वास आपल्याच जिल्ह्यात टाकून पाहिला गेला, तेवढा पगारी कामगारांवर टाकण्यास हरकत नसावी.

लक्ष्य ठरविताना ‘जास्तीत जास्त काम करा’ ही सूचना जवळजवळ निरुपयोगी असते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील लाकूड वाहून नेणाऱ्या ट्रकचालकांवर झालेला, 1975 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. ‘जमेल तितका माल भरा’ असे सांगितले जात होते तोवर ट्रक कायदेशीर वजनमर्यादेच्या सुमारे 60 टक्केच भरले जात. 94 टक्के हा निश्चित आकडा समोर ठेवल्यावर, जादा पैसे न देताही, काही महिन्यांत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेले. मात्र लाकूड भरणे आणि पंपाचा शाफ्ट टर्न करणे (दांडा कातणे) यात फरक आहे. आपण फक्त नगांचा आकडा दिला, तर नग मिळतील आणि त्यातील काही ग्राहकाकडून परत येतील. म्हणून आकडा चांगल्या, म्हणजे तपासणीत उत्तीर्ण झालेल्या नगांचा असावा, आणि तो ठरविताना ऑपरेटरला समोर बसवून विचारावे.

बोनसविषयी मला काळजी वाटते. पाळीप्रमुखाला ‘चांगले वाटते’ हा निकष बोनस मिळालेल्याच्या शेजारच्या मशीनवरील माणसाला दिसत नाही. ओडिशातील लहान उत्पादन केंद्रांत एकाच गटातील कामगारांना वेगवेगळी मजुरी देऊन एक प्रयोग झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. कमी मजुरी मिळालेल्यांचे उत्पादन घटले आणि त्यांची हजेरीही घटली. ज्या कामांत सोबत्याचे जास्त काम डोळ्यांनी सहज दिसत होते, तेथे मात्र असा परिणाम आढळला नाही. सांगायचे ते एवढेच की फरक करायचा असेल तर तो सर्वांना मोजता येईल अशा गोष्टीवर करावा, अन्यथा बोनस घेणाऱ्या पाच जणांच्या आनंदापेक्षा न मिळालेल्या पस्तीस जणांची अढी महाग पडते.

आता ‘मनापासून’ या आपल्या शब्दाकडे येतो. आपल्या ऑपरेटरला तो तयार करीत असलेला भाग कोणत्या पंपात बसतो, तो पंप कोठे चालतो आणि व्यासात थोडा फरक राहिला तर पुढे काय बिघडते, हे माहीत आहे काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा तेथे तयार होणारा लोखंडी नांगर कोणासाठी आहे हे तेथील कामगारांना वेगळे समजावून सांगावे लागले नसणार. आज ड्रॉइंगवर एक क्रमांक असतो आणि खोक्यावर एक पत्ता. ही तुटलेली साखळी जोडण्यास फार खर्च येत नाही. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पहा : एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घालून दिली गेली. महिन्याभरानंतर त्यांचा दर आठवड्याला फोनवर घालविलेला वेळ 142 टक्क्यांनी आणि जमविलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढलेली होती. आपल्याकडे एवढी वाढ होईल असे मी म्हणत नाही. देणगी मागणे हे सर्वस्वी मनाच्या उभारीवर चालणारे काम आहे आणि मशीनचा वेग ठरलेला असतो. तरीही आपले भाग घेणाऱ्या पंप कारखान्यातील जोडणी विभाग पाहण्यासाठी ऑपरेटरांना चार-चारच्या गटाने एकदा पाठवावे. जोडणी करणारा माणूस ‘तुमच्या या भागाला आम्हाला कानस मारावी लागते’ असे तोंडावर म्हणाला, तर ते वाक्य आपल्या ठरविलेल्या व्याख्यानापेक्षा स्वस्त आणि जास्त टिकाऊ ठरेल.

प्रश्न : तासगाव भागातील एका शीतगृहाजवळ बेदाणा निवडणाऱ्या पंचवीस-तीस महिलांवर मी देखरेख करते. मी स्वतः पूर्वी निवडणीच करत होते. मालकांचे म्हणणे आहे की बायका बोलत बसतात म्हणून काम कमी होते आणि मी त्यांना बोलू देऊ नये. दुपारनंतर निवडणीत काड्या आणि काळे मणी राहून जातात, हे खरे आहे. मी काय करावे?

उत्तर : आपण स्वतः निवडणी केलेली आहे, त्यामुळे हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे की हात सवयीने चालत असताना बोलण्याने काम अडत नाही, उलट दिवस निभावतो. आपल्या पत्रातील महत्त्वाचा शब्द ‘दुपारनंतर’ हा आहे. बोलणे तर सकाळीही चालूच असते. मग काड्या दुपारीच का राहतात? दुपारी उजेड कोणत्या बाजूने येतो, पत्र्याखाली उकाडा किती होतो, जमिनीवर बसून पाठ आणि मान किती वेळ वाकलेली असते, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, हे आधी पहावे. हिरवट आणि पिवळसर मण्यातील फरक अपुऱ्या उजेडात ओळखणे तरुण डोळ्यांनाही कठीण जाते, आणि आपल्याकडील कित्येक जणींनी चाळिशी ओलांडलेली असेल. टेबलाच्या उंचीची फळी, डोक्यावर पांढरा स्वच्छ प्रकाश आणि जेवणानंतर चारच्या सुमारास चहाची ठरलेली सुट्टी, एवढे मालकांकडून मागून घ्यावे. कोणाला चष्म्याची गरज असल्यास नेत्रतपासणीचे एक शिबिर हा निवडणीच्या दर्जासाठी केलेला खर्च आहे, उपकार नाही, हे मालकांना हिशेबाच्या भाषेत सांगावे.

मजुरी केव्हा मिळते, हे आपण लिहिलेले नाही. ती आठवडे उलटून मिळत असेल, तर त्याचाही संबंध राहून गेलेल्या काड्यांशी असू शकतो. ओडिशातच नगावर मजुरी घेऊन पत्रावळी तयार करणाऱ्या कामगारांच्या अभ्यासात, ज्यांना कमावलेली रक्कम लवकर हातात दिली गेली त्यांनी उसनवारी फेडली, घरात सामान भरले, आणि त्यानंतर त्यांचे उत्पादन सुमारे 7 टक्क्यांनी वाढून कामातील चुका कमी झाल्या. मजुरीचा दर तोच होता. किराणा दुकानदाराची उधारी ज्या बाईच्या डोक्यात घोळत आहे, तिची नजर मण्यावर ठरणे अवघड असते, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट करून पहावी. सांगलीच्या मार्केट यार्डात किंवा तासगावला बेदाण्याचे सौदे निघतात, तेथे आपल्या निवडणीतील चार-पाच जणींना एखाद्या दिवशी मजुरी न कापता घेऊन जावे. खरेदीदार मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन काय पाहतो, एकसारख्या रंगाच्या आणि मिसळलेल्या मालाला भावात किती फरक पडतो, हे त्यांनी स्वतः पहावे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावाला लागणारी प्रतवारी प्रत्यक्षात याच हातांनी होते, पण त्यातील बहुतेकींनी आपण निवडलेल्या पेटीचा सौदा कधी पाहिलेला नसतो. परत आल्यावर कोणता माल कोणत्या भावाला गेला, हे दर सौद्यानंतर सर्वांना वाचून दाखविण्याची प्रथा पाडावी. भाव चांगला आला तर त्यातील काही हिस्सा मजुरीत यावा, ही मागणी त्यानंतर निश्चित होईल. ती ऐकण्याची मालकांची तयारी आहे का, हे सहलीच्या आधी विचारून घ्यावे, कारण नुसता भाव दाखवून हात आखडता घेतला तर पूर्वीपेक्षा अधिक वाईट वाटेल.

प्रश्न : सांगलीतील एका पतसंस्थेच्या शाखेचा मी व्यवस्थापक आहे. कर्मचारी तरुण आणि शिकलेले आहेत, सायंकाळी सात-साडेसातपर्यंत थांबतात, तरीही कर्जप्रकरणे तुंबलेली असतात. प्रत्येक जण ‘वेळच मिळत नाही’ असे सांगतो. उशिरापर्यंत थांबणाऱ्यांना मी वार्षिक अहवालात चांगला शेरा देतो, तरी फरक नाही.

उत्तर : उशिरापर्यंत थांबण्याला शेरा मिळतो, म्हणून माणसे उशिरापर्यंत थांबतात, आपण ज्याचे मोल केले ते आपल्याला मिळाले आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जॉन पेनकव्हेल या अर्थतज्ज्ञाने 2014 साली पुन्हा तपासल्या, तेव्हा आठवड्याला सुमारे 50 तासांच्या पुढे प्रत्येक जादा तासाचे उत्पादन घसरत गेल्याचे आणि 70 तास काम करणाऱ्यांचे एकूण उत्पादन 56 तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसे जास्त नसल्याचे दिसले. त्या कामगारांचे काम हाताचे होते. जामीनदारांची कागदपत्रे ताडून पाहण्याचे काम थकलेल्या डोक्याने केले तर केवळ वेग कमी होत नाही, तारणातील खोटही नजरेतून सुटते आणि ती वसुलीच्या वेळी सापडते.

आपल्याकडील एक कर्जप्रकरण अर्ज आल्यापासून रक्कम खात्यात जमा होईपर्यंत किती टेबलांवरून जाते, हे एकदा स्वतः त्या फाइलबरोबर फिरून पहावे. एक जण अर्ज घेतो, दुसरा सात-बारा आणि पगारपत्रक पाहतो, तिसरा जामीनदारांच्या सह्या घेतो, चौथा टिपण लिहितो. संपूर्ण प्रकरण आपले आहे असे कोणालाच वाटत नाही. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या संशोधकांनी 1976 साली मांडलेल्या सिद्धान्तात कामाला अर्थ येण्यासाठी ज्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यात आरंभापासून शेवटापर्यंत ओळखू येईल असा कामाचा संपूर्ण भाग एका माणसाकडे असणे ही एक प्रमुख गोष्ट आहे. तेव्हा सोने तारण आणि किरकोळ कर्जांपुरता तरी प्रयोग करावा : एक अर्जदार, एक कर्मचारी, शेवटपर्यंत. मंजुरीचा अधिकार अर्थातच नियमाप्रमाणे वेगळ्या व्यक्तीकडे राहील. तो एकत्र करू नये, कारण पतसंस्थेत दुसऱ्याची तपासणी ही सोय नसून सुरक्षितता आहे.

‘वेळच मिळत नाही’ ही तक्रारही खोटी नसावी. काउंटरवरचा ग्राहक, पिग्मी एजंटाचा भरणा, मुख्य कार्यालयाचा फोन आणि शाखेच्या व्हॉट्सॲप गटावर आपण स्वतः पाठविलेले ‘ताबडतोब कळवा’चे निरोप, यांतून सलग अर्धा तास कोणाला मिळत असेल असे दिसत नाही. पासबुक भरण्याचे आणि चौकशीचे काम दुपारच्या ठरावीक तासांत एकाच काउंटरवर ठेवून बाकीच्यांना रोज दीड-दोन तास कर्जप्रकरणांसाठी मोकळे सोडावे, आणि त्या वेळात आपणही निरोप पाठवू नयेत. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण जाईल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : अभियांत्रिकीची पदवी घेऊन दोन वर्षे मिरजेतील एका कारखान्यात नोकरी करतो. वरिष्ठ प्रत्येक पायरी सांगतात, स्वतःहून काही सुचविले तर ‘सांगितले तेवढे करा’ असे उत्तर मिळते. कामात रस उरलेला नाही. नोकरी बदलावी का?

उत्तर : बदलण्यापूर्वी एक वाट आहे. एमी रझेस्निएव्हस्की आणि जेन डटन या संशोधिकांनी 2001 साली रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांविषयी लिहिले आहे. नेमणूक पत्रात सर्वांचे काम सारखेच होते, पण काही जणांनी रुग्णांची विचारपूस करणे, नातेवाइकांना वाट दाखविणे, परिचारिकांच्या सोयीने वेळ साधणे हे आपल्या कामाचाच भाग मानले होते आणि त्यांना आपले काम कौशल्याचे वाटत होते. आपल्या जागेवरूनही असा एखादा कोपरा सापडेल. सूचना तोंडी मांडण्याऐवजी एकच लहान बदल निवडावा, त्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर काढावेत, आणि ‘एक आठवडा या एकाच मशीनवर करून पाहू का?’ एवढीच परवानगी मागावी. नकार देण्यासाठी वरिष्ठाला कारण द्यावे लागेल इतकी मागणी लहान असावी. अशा दोन-तीन प्रयत्नांनंतरही दार बंदच राहिले, तर नोकरी अवश्य बदलावी. सर्व जबाबदारी स्वतःच्या मनोवृत्तीवर घेण्याचे कारण नाही. वाईट देखरेखीखाली रस टिकवून धरणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सांगणारे सल्ले हल्ली फार निघाले आहेत.

प्रश्न : आमच्या इस्लामपूर भागातील युनिटमध्ये ‘गुणवत्ता हाच आमचा धर्म’ अशा घोषणांचे फलक आणि ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ हे बक्षीस सुरू करावे, अशी संचालकांची इच्छा आहे. आपले मत काय?

उत्तर : फलकांविषयी गुणवत्ता-व्यवस्थापनाचे अमेरिकन तज्ज्ञ एडवर्ड डेमिंग यांनी व्यवस्थापकांसाठी दिलेल्या चौदा मुद्द्यांत स्पष्टच सांगितले आहे की कामगारांना उद्देशून लावलेल्या घोषणा काढून टाकाव्यात, कारण बहुतेक दोष कार्यपद्धतीतून येतात आणि कार्यपद्धती बदलणे कामगाराच्या हातात नसते. घोषणेने त्याच्यावर असे ओझे येते जे उचलण्याची साधने त्याला दिलेली नसतात. बक्षिसाबाबत, निवड कशावर होणार हे महिना सुरू होण्यापूर्वी सर्वांना लिहून देता येत असेल तर ते जरूर सुरू करावे. तसे लिहिता येत नसेल, तर तीन-चार महिन्यांत ते पाळीपाळीने वाटले जाऊ लागते आणि कोणीच ते मनावर घेत नाही. त्यापेक्षा ती रक्कम कँटीनमधील पंख्यांवर खर्च करावी.